एनवर उभी राहिलेली गाडी

मी एक जुना गिअरचा दांडा आहे. दांडा आपला म्हणायचा. उंची जेमतेम तुमच्या अंगठ्याएवढी, डोक्यावर निळं बोंड. पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणाऱ्या एका गाडीत मला जपानात बसवलं. तिथे आठ वर्षं राबलो आणि मग ती गाडी मंगोलियात आली. इथल्या रस्त्यांवर आमच्या जातीच्या गाड्या ढिगाने आहेत.

मित्रांनो, माझा एक स्वभाव आधीच सांगून ठेवतो. मला पुढे ढकला, मागे ओढा, हात सोडलात की मी आपला मधल्या जागी परत येतो. त्यामुळे गाडी कशावर आहे हे माझ्याकडे बघून कळत नाही, ते समोरच्या पडद्यावर दिसतं. आणि गाडी उभी करायची तर माझ्या शेजारी 'पी'चं वेगळं बटण आहे.

माझा मालक गांझोरिग हे सगळं जाणून होता. पण त्या जानेवारीत तो दूर खाणीवर कामाला होता, आणि त्याची बायको सोयोलमा आर्वाइखेर शहरातल्या इस्पितळात बाळंत झाली होती. तिला घरी आणायला तिचे वडील, बादर्च, निघाले. त्यांनी एकतीस वर्षं ट्रक हाकला होता. मला पहिल्यांदा हात लावताना ते हसले होते, हे काय खेळणं आहे म्हणून.

बाळ अकरा दिवसांचं होतं, वजन दोन किलो. बाहेर उणे चौतीस. खिंडीत वादळाने गाठलं आणि पुढे कोळशाचा एक ट्रक रस्त्यात आडवा झाला. मागे-पुढे गाड्यांची रांग, हलायला जागा नाही, आणि अशा वाऱ्यात बाळाला बाहेर काढून दुसऱ्या गाडीत न्यायचीही सोय नाही. बादर्चनी ट्रकच्या सवयीने मला डावीकडे ओढून धरलं, पडद्यावर 'एन' उमटला, आणि त्यांनी पायाने लावायचा पार्किंग ब्रेक लावला.

एन म्हणजे न्यूट्रल. मित्रांनो, आमच्या गाडीत एनवर बॅटरी भरत नाही. पंखा, दिवे, काचा तापवणाऱ्या तारा मात्र तिच्यावरच जगतात. एरवी गाडी थांबली की इंजिन झोपतं आणि बॅटरी उतरली की आपोआप जागं होतं, पण एनवर ते झोपलेलंच राहिलं.

तासाभरात पंख्याची हवा कोमट झाली, मग गार. पडद्यावरच्या बॅटरीच्या पट्ट्या एकेक करून गेल्या. दोन उरल्या तेव्हा गाडी वाजू लागली आणि जपानी अक्षरांत इशारा आला. तो वाचणारं आत कुणी नव्हतं. मला सगळं कळत होतं, पण मला तोंड नाही.

सोयोलमा म्हणाली, "बाबा, गांझोरिग गाडी उभी केली की हे पी लिहिलेलं बटण दाबतो."

"दाबत असेल. तू कधी चाक हातात धरलंयस का? एकतीस वर्षांत गाडी उभी केली की मी न्यूट्रलच केलंय. आता तू शिकवणार मला?"

तिने बाळाला पोटाशी ओढलं. बादर्चनी अंगातला डेल, म्हणजे मेंढीच्या कातड्याचा लांब डगला, काढून मायलेकरांना गुंडाळला आणि नुसत्या स्वेटरवर कुडकुडत बसले. काचांवर आतून बर्फ धरलं. बाळाचं रडणं बारीक होत गेलं, मग थांबलं.

त्या शांततेने बादर्च खचले. गाडी बंद करून पुन्हा चालू करतो, असं पुटपुटत त्यांनी बोट चालू-बंदच्या बटणाकडे नेलं. पट्टी एकच उरली होती. एकदा बंद झाली असती, तर इंजिन फिरवायला ताकद उरली नसती. माझ्या आयुष्यात मी एवढा हतबल कधी झालो नाही.

सोयोलमाने त्यांचं मनगट पकडलं.

"बंद नका करू, बाबा. एकदा माझं ऐका. चुकलं तर मला जन्मभर बोला. ब्रेक दाबून धरा."

त्यांनी ब्रेक दाबला. पीच्या बटणावर बोट ठेवलं, पण ते इतकं बधिर झालं होतं की दाबलं जाईना. तेव्हा बाळ एका हाताने छातीशी धरून ती वाकली आणि तिनेच दाबलं. पडद्यावर 'पी' आला. काही क्षण काहीच झालं नाही. मग गाडी थरथरली आणि इंजिन जागं झालं.

ऊब यायला वीस मिनिटं लागली. बाळ आधी कण्हलं, मग आईला लागून चुटूचुटू पिऊ लागलं. बादर्चनी कपाळ चाकावर टेकलं.

"पोरी, मी तुझं लेकरू मारत होतो."

"असं बोलू नका. वर बघा, रस्ता सुटला की निघायचंय."

दुपारी उशिरा ट्रक हलला. मंडळी घरी पोचली. बादर्चच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची बधिर झाली. त्यानंतरही ते गाडी चालवत राहिले, पण थांबले की लेकीला विचारत, "काय लिहिलंय गं?" ती "पी" म्हणाली की मगच ब्रेकवरचा पाय उचलत.

मित्रांनो, मला जपून हाताळा, पण माझ्यावर विसंबू नका. ब्रेक दाबा, पी करा, आणि पडद्यावर तो दिसल्याशिवाय पाय उचलू नका. आमच्यासारख्या गाड्या गप्प असतात. चूक झाली तरी बॅटरी संपत येईपर्यंत त्यांचा आवाज होत नाही. आणि शेजारी बसलेलं माणूस काही सांगू लागलं, तर त्याला गाडी येत नाही म्हणून गप्प करू नका.