लॉरलच्या काठीची गाठ

मी शाळेची बस चालवते, भाषणं करत नाही. तरी आमच्या कॉलेजच्या लॅक्रॉस खेळाडूंच्या मानकरी दालनात माझ्या मैत्रिणीचं, लॉरल ब्रँडिसचं नाव लागायचं ठरलं, तेव्हा तिनं मला फोन केला. "ट्रिना, स्टेजवर माझी ओळख तूच करून द्यायची. दुसरं कुणीही नको." त्यानंतर आठवडाभर मी हवेत होते. एकदा तर बस थांब्यावर थांबवायलाच विसरले, मागून पोरांनी बोंब ठोकली तेव्हा भानावर आले.

हवेत होते, कारण अठ्ठावीस वर्षं मी आमच्या संघातल्या मुलींसमोर मान वर करून उभी राहिले नव्हते.

संघात मी राखीव. मैदानावर कमी, बाकावर जास्त. पण सगळ्यांच्या काठ्या विणायचे मी. काठीच्या टोकाला चामड्याच्या वाद्यांची आणि दोऱ्यांची झोळी असते. तिच्यातच चेंडू झेलायचा, तिच्यातूनच फेकायचा. झोळी खोल असली की चेंडू पक्का बसतो, म्हणून नियम आहे. काठी डोळ्यांसमोर आडवी धरली, की चेंडूचा माथा कडेच्या वर दिसला पाहिजे. सामन्याआधी पंच एकूण एक काठी तपासतात. माझे वडील ऑन्टारिओ तळ्यावर मासे धरायचे. जाळ्याची गाठ मी त्यांच्याकडून शिकले. टोक आत खोचायचं, बाहेर शेंडी ठेवायची नाही. गाठ सैल झाली की झोळी खोल होते, पण माझी गाठ कधी सुटली नव्हती.

तिसऱ्या वर्षी उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटाला लॉरलनं गोल केला. आम्ही नाचत असतानाच समोरच्या कोचनं काठी तपासायला लावली. चेंडू झोळीत पार बुडाला. गोल रद्द झाला आणि जादा वेळेत आम्ही हरलो. सकाळी तीच काठी तपासणीत पास झाली होती. मग मध्ये काय झालं? मीच रडत रडत सगळ्यांसमोर म्हणाले, "माझी गाठ सुटली असणार." लॉरल म्हणाली, "हो, तसंच असेल."

दुसऱ्या दिवशी आमच्या कोच विंटर्सनी वाद्या-दोऱ्यांची पेटी माझ्याकडून काढून घेतली. पदवीनंतर मला मदतनीस कोच म्हणून ठेवणार होत्या, तेही बारगळलं. तेव्हापासून दर नाताळला मी त्यांना पत्र पाठवून माफी मागते. त्यांचं उत्तर येतं, 'मी तुला कधीच माफ केलंय.' ती सगळी उत्तरं मी जपून ठेवली आहेत. एवढी मोठ्या मनाची बाई, असं मला वाटायचं.

ऑक्टोबरातला शनिवार, दुपारच्या जेवणाला समारंभ. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या बटाट्यांचा वास दारापर्यंत आला होता. दाराशी मानकऱ्यांची टेबलं मांडलेली, फोटो, जुने शर्ट, पदकं. लॉरलच्या टेबलावर ती काठी होती.

"हीच का गं ती?" मी विचारलं.

"हीच," लॉरल म्हणाली. निळा कोट, मोत्यांचे डूल, छान दिसत होती मेली. "त्या दिवशी माळ्यावर टाकली, ती परवा काढली. हातसुद्धा लावला नाही कुणी."

मी वाकून बघितलं. माझी गाठ सुटलेली नव्हती. माझी गाठ तिथं नव्हतीच. वाद्या सैल सोडून कुणीतरी बुटाची नाडी बांधावी तशी गाठ मारली होती आणि टोक बाहेर लोंबत होतं. मी डावखुरी. माझा वेढा उलटा पडतो. हा सुलटा होता.

"लॉरल, ही तू बांधलीस."

ती गोरीमोरी झाली. मग हळूच म्हणाली, "आज नको ना गं. माझ्या मुली आल्यात. नवरा आहे."

"तपासणी झाल्यावर सोडलीस?"

"सगळ्याच सोडायच्या, ट्रिना. एकवीस वर्षांच्या होतो आपण! आणि तूच म्हणालीस गाठ सुटली म्हणून. मी काय, नुसतं हो म्हणाले."

नुसतं हो! माझ्या दोन्ही बाळंतपणात उशाशी बसलेली ही बाई. माझ्या लग्नात मी हिला मुद्दाम सांगितलं होतं, तुझा तो गोल माझ्यामुळे गेला, तरी तू आलीस. तेव्हाही हिनं मला मिठी मारून 'जाऊ दे गं' म्हटलं होतं.

मी काठी उचलली आणि तडक कोचच्या टेबलाकडे गेले. कोच आता त्र्याऐंशीच्या. लॉरलशी भांडायला आयुष्य पडलं होतं, पण ही बाई मला धांदरट समजत मरायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"कोच, ही गाठ बघा. ही माझी नाही."

त्यांनी चष्मा चढवला. गाठीकडे बघितलं, नंतर माझ्याकडे. जराही चकित झाल्या नाहीत.

"मला माहीत आहे, पोरी."

"आत्ता कळलं ना?"

"पंचांच्या टेबलावर पडली होती तेव्हाच बघितली मी. तुझी गाठ मला ओळखू येत नव्हती होय?" त्यांनी बटाट्याला लोणी लावलं. "लॉरलचं नाव निघालं असतं तर वर्षभर बाहेर बसली असती. पुढच्या वर्षी ती मला हवी होती. तू काय, बाकावरच होतीस."

"अठ्ठावीस नाताळ, कोच! मी माफी मागत होते आणि तुम्ही मला माफ करत होता!"

"अगं, तुला त्यानं बरं वाटायचं ना?"

मला रडू आलं नाही. राग इतका आला, की रडू यायला जागाच उरली नाही. तेवढ्यात स्टेजवरून माझं नाव पुकारलं.

मी काठी घेऊनच वर गेले. माझ्या कागदावर तिसऱ्याच ओळीला लिहिलं होतं, 'माझ्या चुकीबद्दल तिनं मला कधी बोल लावला नाही.' कागद खिशातच राहू दिला. स्टेजवरच्या टेबलावर शोभेला ठेवलेला चेंडू झोळीत टाकला आणि काठी आडवी धरली. चेंडू बुडाला. समोर दोनशे बायका, सगळ्या या तपासणीतून गेलेल्या. काटेचमचे थांबले.

मग मी ती नाडीची गाठ सोडली. चामडं वाळून कडक झालं होतं. पाण्याच्या पेल्यात बुडवून मऊ केलं, ओढून ताणलं, वडिलांसारखा वेढा घेतला आणि टोक आत खोचलं. वेळ लागला. पुन्हा चेंडू टाकला, काठी धरली. माथा कडेच्या वर दिसत होता.

"माझी गाठ अशी असते," मी माइकवर म्हटलं. "ही लॉरल ब्रँडिस. तुमची मानकरी."

काठी तिच्या हातात दिली आणि खाली उतरले. कोचच्या टेबलावर माझं ताट वाढलेलं होतं. मी तिथं बसले नाही.