ढब्बूची गादी

वासाच्या बाबतीत अक्काच्या नादी लागायचं नाही, हे भावजयीला बावीस वर्षांत कळलं नव्हतं. अक्कानं तीस वर्षं लाँड्रीत काढली, तीही लोकरीच्या कपड्यांवर. नुसता स्वेटर हुंगून ती सांगायची, याचा मालक तंबाखू खातो की बायकोपासून लपवून खातो.

निवृत्त झाल्यावर ती धाकट्या भावाकडे राहायला आली ती चौदा वर्षांच्या ढब्बूसकट. नवरा नाही, मूलबाळ नाही, जीव लावायला तेवढं एक कुत्रं. भावजयीच्या डोळ्यांत ते पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

"वन्सं, पुन्हा घरात वास आला, तर प्राण्यांच्या निवाऱ्याला फोन करणार. मग रडायचं नाही."

भावानं पेपराचं पान उलटलं.

आता ढब्बू म्हातारा, कधीमधी झोपेत ओलं करायचा, हे खरं. पण त्याची लोकरीची गादी अक्का जिवापाड जपायची. रोज झटकायची. आठवड्यातून एकदा खायचा सोडा भुरभुरवून तासभर ठेवायची, मग गार पाण्यात थोडं व्हिनेगर घालून बुचकळायची. चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि सावलीत वाऱ्यावर पसरायची. वाळली की त्या गादीवर माणसानं झोपावं!

आणि तरी दुसऱ्या दिवशी घाण वास. अक्कानं पुन्हा धुतली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भावजयीनं फोन केलाच. "रविवारी अकराला गाडी येतेय," ती म्हणाली, आणि वर हसली. ते हसू अक्कानं मनात जपून ठेवलं.

शनिवारी दुपारी भावजय बाहेर गेल्यावर अक्कानं गादी मांडीवर घेऊन उसवली. वास कोपऱ्यातून येत होता. ढब्बू झोपायचा मधोमध, त्याचं जे व्हायचं ते मधोमधच. कोपऱ्यातली तळहाताएवढी लोकर मात्र आळून कडक झाली होती. लोकर अशी होते ती कुणी ओली करून चोळली तरच. अक्कानं नाकाशी नेली. हे कुत्र्याचं नव्हे. नासकं दूध!

तळपायाची आग मस्तकात गेली. दूध ओतलं तर लोकरीवर थेंब थेंब नुसते तरंगतात, म्हणजे बयेनं बसून हातानं जिरवलं होतं. एका मुक्या म्हाताऱ्याला घराबाहेर काढायला एवढी मेहनत!

"थांब भवाने," अक्का दात ओठ खात म्हणाली.

तिनं तो कडक गोळा कापून काढला आणि जागी स्वच्छ लोकर भरली. गोळा गेला भावजयीच्या लाडक्या खुर्चीवरच्या उशीत. तीही लोकरीचीच. टाका असा घातला की शिवणाऱ्यालाही सापडू नये.

रविवारी निवाऱ्याचा माणूस आला. गुडघ्यावर बसून त्यानं गादी हुंगली.

"बाई, ही तर माझ्या अंथरुणापेक्षा स्वच्छ आहे. पण वास येतोय खरा."

भावानं पेपर खाली केला, हवेत हुंगलं. "अगं, तू बसलीयस तिथूनच येतोय."

भावजय ताडकन उठली, उशी हुंगली, आणि तिचा चेहराच पडला. "अगं बाई, हे दूध इथं कसं आलं? मी तर गादीच्या कोपऱ्यात..." आणि तिनं जीभ चावली.

"दूध?" अक्का साखरेहून गोड आवाजात म्हणाली. "दुधाचं नाव कुणी काढलं गं?"

निवाऱ्याचा माणूस कुत्रं न्यायच्या कागदाची घडी खिशात घालत निघून गेला. भावानं पेपर बाजूला ठेवला, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. "कुत्रं कुठंही जाणार नाही. आणि ही उशी तू धुवायचीस. अक्का सांगेल तशी."

दुपारी भावजय टबाशी उकिडवी बसली आणि शेजारी स्टुलावर अक्का.

"चोळू नकोस. चोळल्यावर काय होतं, तुला ठाऊकच आहे."

अक्काच्या जिवाला असा थंडावा कितीतरी वर्षांत मिळाला नव्हता. कीव? तिळमात्र नाही.

चौथ्या दिवशी उशी पडवीत सावलीला पसरली होती, कोरडी ठणठणीत, नव्यासारखी. ढब्बू लंगडत आला, दोनदा गोल फिरला आणि तिच्यावर अंग टाकून घोरायला लागला. अक्कानं पाहिलं. हाकलता आलं असतं. ती डाळ निवडत राहिली.

संध्याकाळी भावजयीनं उशी उचलली तर ओली. मधोमध.

"हे मात्र त्याचंच हं," अक्का म्हणाली. "जा, टब भर."