जळालेली डीपी आणि शेठचा गुडघा

म्हसावदची डीपी, म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळाली, जवरीलाल शेठचं कापसाचं जिनिंग बंद पडलं आणि शेठच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. वीज खात्यात सगळे ऐतखाऊ भरलेत, असं ते ओट्यावर बसून, आखडलेला गुडघा दाबत, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होते.

वीज खात्याचा अक्कलकुव्याचा इंजिनीअर अजित पाडवी शेठच्या घरासमोरच डीपीला मीटर लावून बसला होता. शेठने त्यालाही सोडलं नाही. "हाऊ काय डाकदर शे का, नाडी देखी ऱ्हायना!"

अजितने मीटर बाजूला ठेवलं. "शेठ, आतल्या एका वाइंडिंगचे वेढे जळून एकमेकांना चिकटलेत. डीपीच्या टाकीतलं अर्धं तेल कुणीतरी काढून नेलंय. तेल नाही म्हटल्यावर तारा तापणारच."

"तेल चोरं?" शेठ गरजले. "हात झडोत त्याना! असाच लोकेस्नी देशनं वाटोळं करं."

तेवढ्यात शेठाणी भूरीबाई वाटी घेऊन बाहेर आल्या आणि रोजच्यासारखं शेठच्या गुडघ्याला तेल चोपडू लागल्या. ओटाभर डीपीचाच वास सुटला.

डीपीच्या तेलाने गुडघेदुखी पळते, हे या भागातलं घरगुती औषध अजितच्या ओळखीचं होतं. त्याने वाटीकडे पाहिलं, मग टाकीकडे पाहिलं. "काय शेठ, फरक पडला का?"

"थोडासा पडना ना भाऊ," शेठ जराही न ओशाळता म्हणाले. "पन तेलनी बाटली सरत उनी. नवी डीपी कव्हा येई?"