एरंडेलाचं नरसाळं

मी एक पत्र्याचं नरसाळं. इटलीतल्या रोमान्या भागातल्या एका डबे-कंदील करणाऱ्याच्या हातचं. ओरेस्तेनं मला आपल्या गुत्त्यासाठी आणलं. वसंतात, तिथल्या रिवाजाप्रमाणे चंद्राची कला बघून, पिंपातली वाइन बाटल्यांत भरायची, हे माझं काम. झकास दिवस होते ते!

पण ओरेस्ते मागची खोली शेतमजुरांच्या बैठकीला द्यायचा. ते फॅसिस्टांना खुपलं. १९२२ साली भर दुपारी काळे सदरे घातलेले सहा जण गुत्त्यात शिरले. त्यांनी ओरेस्तेला खुर्चीला बांधलं, मलाच त्याच्या दातांत खुपसलं आणि लिटरभर एरंडेल ओतलं. मग त्याला चौकात फिरवलं. पुढचं सांगत नाही. एरंडेल तुम्हालाही ठाऊक आहे. पाजणारे सहाच होते हो, पण हसायला अख्खं गाव! त्यात रोज त्याच्याच टेबलावर बसणारेही होते.

ओरेस्तेनं मला पेटीच्या तळाशी टाकलं आणि बायकोला शपथ घातली, "पोरांपुढं याचा शब्दही नको." तिनं मरताना मात्र लेकीला, नेरीनाला, सगळं सांगितलं. नेरीनानंही तोंड शिवून घेतलं. नातवानं पणजोबांबद्दल विचारलं की म्हणायची, "पोट नाजूक होतं रे त्यांचं." लाज किती जपतात ही माणसं!

गेल्या रविवारी नातू दाविदे आला. त्या काळ्या सदऱ्यांचा वारसा मिरवणाऱ्या नव्या पक्षाचा कार्यकर्ता; एरंडेल पाजण्याचे जुने किस्से तिथं गंमत म्हणून सांगतात. काळा सदरा नाही, छान इस्त्रीचा कोट. पेटी उपसताना त्यानं मला बाहेर काढलं आणि खो खो हसत सुटला.

"आजी, हे कचेरीत टांगतो! शेजारी एरंडेलाची बाटली. विरोधकांना म्हणावं, या प्यायला!"

"खाली ठेव ते."

"अगं, गंमत! शंभर वर्षं झाली. आम्ही काय कुणाला पाजतोय?"

नव्वदीला टेकलेली नेरीना म्हणाली, "तुझ्या पणजोबांच्या तोंडात कोंबलं होतं ते."

दाविदेचा चेहरा उतरला. "पण तू तर म्हणायचीस, पोट नाजूक..."

"खोटं बोलले मी. लाज वाटायची रे."

"कुणीच मध्ये पडलं नाही?"

"हसले सगळे. आत्ता तू हसलास ना, अगदी तस्से."

तो मला टेबलावर ठेवून निघून गेला. पक्ष सोडेल की नाही, देव जाणे. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. नेरीनानं त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, मध्येच रडत, पण काही न लपवता.

बाबांनो, मला टांगू नका, पुजू नका. हवं तर पुन्हा वाइनला लावा. फक्त घरातल्या पोरांना वेळेवर सांगत जा. आमच्या घरी शंभर वर्षं उशीर झाला.