जुन्या पार्टचा ड्रम

मित्रांनो, मी ऑइलचा एक जुना ड्रम आहे. ऑइल संपल्यावर पिरंगुटच्या नरहरी मिस्त्रींनी माझे तोंड कापले आणि मला गॅरेजच्या दाराशी उभे केले. मोटारसायकलींचे बाद पार्ट माझ्यात पडू लागले.

पुढे रस्त्यावर कंपन्यांची सर्व्हिस सेंटर आली. नव्या गाड्या तिकडे गेल्या. मिस्त्रींकडे उरली ती जुनी गाडी कशीबशी चालवणारी, खर्चाला कचरणारी माणसे. तेव्हा मिस्त्रींनी मला उपडे केले. माझ्यातले धड आरसे, इंडिकेटर, क्लचचे दांडे धुऊनपुसून ते पुन्हा बसवू लागले. गिऱ्हाइके बाह्या सारून माझ्यात हात घालत. तेवढे दिवस मला मान होता.

पथ्य एकच होते. ब्रेकचा झिजलेला लायनर मिस्त्री करवतीने कापूनच माझ्यात टाकत, कुणी परत लावू नये म्हणून.

माले गावचा भैरू मोटारसायकलवरून दूध घालायचा. तो एकदा लायनर बदलायला आला.

"मिस्त्री, एखादा जुना ठिवायचा की. समद्यांचा मुडदा पाडताय."

"नवाच घे. ब्रेक हाय त्यो."

"मग ऱ्हाऊ द्या. भुकूमच्या गॅरेजात जुना बसवत्यात."

त्या आठवड्यात दुसरे गिऱ्हाईक फिरकले नव्हते. मग मागच्या आठवड्यात काढलेला, अजून न कापलेला लायनर मिस्त्रींनी भैरूच्या गाडीला बसवला.

दुपारी त्यांनी डबा उघडलाच नाही. नवा लायनर पिशवीत टाकून ते एसटीने माल्याला गेले. भैरूच्या अंगणात, शेजाऱ्यांदेखत, त्यांनी तो बदलून दिला. "चुकलं माझं. जुना धोक्याचा व्हता," म्हणाले.

ही गोष्ट भैरूच हसत सगळीकडे सांगत सुटला. "ड्रमातलं घिऊ नगा. मिस्त्री सोताच धोक्याचं म्हनत्यात."

मग माझ्यात कुणी हात घातला नाही, आणि जुन्या पार्टसाठी येणारी गिऱ्हाइकेही तुटली. मिस्त्री रोज पाने पुसून मांडत आणि संध्याकाळी तसेच उचलून ठेवत. वर्षाच्या आत ते वारले.

मुलगी शुभांगी गॅरेज रिकामे करायला आली, तेव्हा भैरू भेटायला आला. दाराशीच घुटमळला.

"ब्रेक लागतो ना?" वडिलांकडून ती गोष्ट ऐकलेल्या शुभांगीने विचारले.

"त्यांनीच बसवलेला हाय, ताई. आता झिजलाय."

"मग बदलून घ्या."

"कुनाकडं जाऊ?"

शुभांगी वडिलांचे पाने पोत्यात भरू लागली.

मित्रांनो, काटकसर जरूर करा. जुने टाकू नका. पण जो कारागीर तुम्हाला 'हे नको' म्हणतो, चुकला तर घरी येऊन सांगतो, त्याचे दार सोडू नका. उद्या मी भंगारात जाईन. मी लोखंड आहे, वितळून काहीतरी होईन. मिस्त्रींचे तसे नाही.