दोन दिवस चालवून बघायचं

नोलीनकडे हे पहिल्यांदा गेले ते तिचा रेडिओ दुरुस्त करायला. त्याला दोन महिने झाले होते, आणि रेडिओ अजून दुरुस्तच होत होता.

हे म्हणजे आमचे मालक, बाळासाहेब. लिहायचं म्हणून नाव लिहिलं, तोंडाने मी अजून घेत नाही. नोलीन आमची शेजारीण. इथे परदेशात माउंट रॉस्किलला जगदीशने, म्हणजे आमच्या मुलाने, भाड्याने घर घेतलं, त्याच्या लाकडी कुंपणापलीकडे ती राहते. सत्तरीची विधवा बाई, अर्धी चड्डी घालून बागेत उकिडवी बसते आणि गोगलगायी वेचते. तिने पहिल्याच दिवशी ह्यांचं नाव विचारलं, ते तिला लांब वाटलं, म्हणून कापून 'बाला' करून टाकलं. एकेचाळीस वर्षं जे नाव मी अख्खं कधी उच्चारलं नाही, ते हिने एका दिवसात अर्धं करून वापरायला काढलं. आणि हे त्याला 'यस, यस' करत उभे.

ह्यांचं पुण्याला लष्करात, म्हणजे कॅम्पात, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, भोपळे चौकाच्या आतल्या बाजूला. बत्तीस वर्षं चालवलं. त्यांचा एक नियम होता. दुरुस्त केलेला सेट लगेच गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, दोन दिवस दुकानात चालू ठेवायचा. तापून पुन्हा बंद पडला तर आपल्याच फळीवर पडावा, लोकांच्या घरी नको. नियम चांगला होता, नाव झालं दुकानाचं. पण त्या दोन दिवसांत काय लावायचं ते हे ठरवायचे, आणि हे लावायचे इंग्रजी गाणी. तेव्हा त्या गाण्यांचं पेवच फुटलं होतं. गिटारी वाजवत चार पोरं एकदम ओरडायची. लष्करातल्या कॉलेजच्या मुली, आखूड झगे, केस फुगवलेले, दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून ऐकायच्या, आणि हे हातात तारा झाळायची तापलेली सळई धरून मान हलवायचे.

मी नवी नवरी, अठरा वर्षांची. चौथी शिकलेली. दुपारी डबा घेऊन जायची. डबा फळीवर ठेवला की हे म्हणायचे, जा आता, ऊन आहे. ऊन त्या मुलींना नव्हतं. मी लगेच जात नसे. डबा रिकामा व्हायची वाट बघतेय असं दाखवून मागच्या पडद्याशी बसायची आणि ह्यांचे हात बघायची. गाणी कळायची नाहीत, हात कळायचे. मुली गाण्यांकडे बघत होत्या, मी हातांकडे. माझ्यापुरतं तेवढंच होतं.

इथे आलो आणि पहिले सहा महिने हे खिडकीशी बसून राहिले. जगदीश आणि सून मुग्धा सकाळी कामाला जायची, नात श्रिया शाळेत. मुग्धा औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, तिने दोनतीनदा ह्यांचं रक्त तपासून घेतलं. रक्तात काही सापडलं नाही. माणूस जेवायचा, झोपायचा, विचारलं तर 'बरं आहे' म्हणायचा, आणि कुंडीतल्या सुकलेल्या रोपासारखा एका बाजूला कलत चालला होता. मी सगळं केलं. पुरणपोळी केली, भांडण केलं, रडूनही पाहिलं. काही नाही.

मग नोलीनने कुंपणावरून विचारलं की तिच्या मेलेल्या नवऱ्याचा मोठा लाकडी रेडिओ आहे, व्हॉल्व्हचा, बंद पडलाय, कुणी दुरुस्त करतं का. ह्यांनी विमानातून आणलेली हत्यारांची पिशवी काढली. ती पिशवी ह्यांनी आणली हे तोवर मला माहीतसुद्धा नव्हतं.

दोन दिवसांत रेडिओ बोलायला लागला. मग दोन दिवस चालवून बघणं आलं. इथे एएमवर एक स्टेशन आहे, सकाळी दहाला तीच जुनी गाणी लावतं, तीच गिटारीवाली पोरं. हे पावणेदहाला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे आणि साडेअकराला गुणगुणत परत यायचे. आठवडा झाला, मी विचारलं, अजून चालवूनच बघताय का. म्हणाले, जुना सेट आहे, वेळ घेतो.

मुग्धा म्हणाली, "आई, किती खुललेत बाबा, बघा तरी."

बघत होतेच मी. तेच तर दुखत होतं. मरायला टेकलेलं रोप हिरवं झालं, आणि पाणी घालणारी मी नव्हते.

एकदा कुंपणाच्या फटीतून पाहिलं. नोलीनने दार उघडं टाकलं होतं. दोन खुर्च्या, मधे तो रेडिओ. ती टाळ्या वाजवत होती, हे पायाने ठेका देत होते. माझ्या लग्नात बँड होता तेव्हा ह्या पायाला ठेका आला नव्हता.

गुरुवारी नोलीन म्हाताऱ्यांच्या क्लबात बोल्स खेळायला जाते, गवतावर गोळे घरंगळवायचा खेळ. मागच्या दाराला कुलूप कधी लावत नाही. त्या गुरुवारी मुग्धा ह्यांना डोळे तपासायला घेऊन गेली होती. मी ताटलीत चार बेसनाचे लाडू घेतले, कुणी पाहिलं तर हातात कारण असावं म्हणून, आणि ह्यांच्या पिशवीतला लहान स्क्रूड्रायव्हर कमरेला खोचला.

रेडिओचा प्लग काढला. मागची पुठ्ठ्याची पाठ चार स्क्रूंनी बसवली होती, ती उतरवली. आत बल्बसारखे काचेचे पाच व्हॉल्व्ह रांगेत उभे होते. आवाजाचा कोणता ते मला ठाऊक होतं. तो नसला तर काट्यामागचा दिवा लागतो, पण रेडिओ गप्प राहतो. काच गार आहे ना ते बोट लावून पाहिलं, बुडाशी धरून न हलवता सरळ वर ओढला, ब्लाउजपीसच्या तुकड्यात गुंडाळला. पाठ पुन्हा लावली. ताटली तिच्या ओट्यावर ठेवून आले. व्हॉल्व्ह तांदळाच्या डब्यात तळाशी गेला.

शुक्रवारी हे साडेदहालाच परत आले. शर्ट बदलला आणि खिडकीशी बसले. मी वाट बघत होते की विचारतील, ओरडतील. मला ह्यांच्याकडून ओरडूनच घ्यायचं होतं. हे म्हणाले, सेट गेला. एवढंच. जेवताना आमटीला मीठ कमी होतं, तेही बोलले नाहीत.

मला वाटलं होतं, रेडिओ बंद पडला की माझा माणूस माझ्याकडे परत येईल. तो खिडकीकडे परत गेला.

असे आठ दिवस. पुढच्या शुक्रवारी नोलीन फीजोआची फळं घेऊन कुंपणाशी आली. माझं इंग्रजी 'हॅलो' आणि 'नो थँक्यू' इतकंच, म्हणून श्रियाला पुढे केलं. पोरगी मराठी समजते, बोलते तिला हवं तसं. तिने जे सांगितलं ते असं: आजोबा नोलीनला म्हणाले, व्हॉल्व्ह म्हातारपणाने जळून गेला, आता जगात कुठे मिळत नाही, बाई तू हा टाकून दे. उद्या आपल्या रस्त्यावर इनऑर्गॅनिक आहे, म्हणजे घरातलं मोडकं सामान फुटपाथवर ठेवायचं आणि कौन्सिलचा ट्रक उचलून नेतो. रेडिओ त्यात जाणार.

श्रिया फळं घेऊन आत गेली. मी कुंपणाला धरून उभी राहिले. जळाला कसा? तिथे व्हॉल्व्हच नव्हता. पाठ काढून बघणाऱ्याला मोकळं भोक दिसलं असणार. ह्यांना ते दिसलं होतं, आणि ह्यांनी त्या बाईला खोटं सांगितलं होतं. गिऱ्हाइकाला खोटं न सांगणारा माणूस. माझ्यासाठी.

शनिवारी सकाळी ट्रक यायच्या आधी फुटपाथवर गाद्या, मोडके पंखे, कुणाची सायकल असा ढीग पडला होता. हे आणि नोलीन बागेतल्या एकचाकी गाड्यावर रेडिओ ढकलत आले. ह्यांनी तो उतरवला, वरची धूळ बाहीने पुसली. टाकायच्या वस्तूची धूळ कुणी पुसतं का?

मी तांदळातली ती पोटली घेऊन, स्क्रूड्रायव्हर कमरेला खोचून समोर गेले. "हा घ्या."

हे पोटलीकडे बघेनात. "घरात ठेव ते. ही बघेल. हिला काय सांगू मी?"

"बायकोने काढला म्हणून सांगा."

"मला त्याच दिवशी कळलं होतं," हे म्हणाले. "चारही स्क्रू परत घट्ट बसवून जाणारा चोर मी बघितला नाही. व्हॉल्व्हच्या पिनासुद्धा वाकल्या नसतील तुझ्या हातून." मग पोटलीकडे बघून, "तुला कुणी शिकवलं?"

"शिकवलं असतंत तर पडद्यामागून बघायला लागलं असतं?"

नोलीन एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. हातात फीजोआ होतं, तेही खायचं विसरली.

"गाण्याला मला कधी बोलावलंत?" मी विचारलं. "तिथेही नाही, इथेही नाही."

"तुला ती आवडत नाहीत असं वाटलं."

"विचारलंत?"

रस्त्याच्या टोकाला ट्रकचा आवाज यायला लागला. मी खाली बसले, रेडिओ वळवला, कमरेचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि फुटपाथवरच पाठ उघडली. ह्यांनी हात पुढे केला. मी म्हटलं, राहू द्या. व्हॉल्व्ह मी बसवला. पिना भोकांवर धरल्या, अंगठ्याने दाबलं. हे वाकून बघत राहिले, आणि माझ्या हातांकडे ह्यांनी असं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"आता तिला सांगा," मी म्हटलं. "खरं सांगा. मी इथेच उभी आहे."

ह्यांनी सांगितलं. बरंच सांगितलं, त्यात 'माय वाइफ' तीनदा आलं, तेवढं मला कळलं. नोलीनचा चेहरा आधी लाल झाला. तिच्या नवऱ्याची वस्तू होती, लाल व्हायलाच हवी होती. तिच्या जागी मी असते तर थोबाड फोडलं असतं. मग ती बोलायला लागली. हात हलवून, रेडिओवर थाप मारून, एकदा माझ्या खांद्याला बोट लावून, चांगलं मिनिटभर बोलली. शेवटी हसली आणि घरात गेली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तिसरी खुर्ची आणते."

मिनिटभर बोलली आणि ह्यांनी मला चार शब्द दिले. बाकीचे शब्द कुठे गेले, मी विचारलं. हे म्हणाले, अगं, तेवढंच.

रेडिओ पुन्हा आत गेला. मीही जाते आता, रोज दहाला. खुर्ची मी त्या दोघांच्या मधे ओढून घेतली, नोलीनने ती कडेला मांडली होती. गाणं लागलं की ह्यांना अर्थ विचारते. परवाच्या गाण्यात पोरगा तीन मिनिटं गळा काढून ओरडत होता. हे म्हणाले, मुलगी येत नाहीये. एवढ्यासाठी लष्करातल्या मुली पायरी अडवून उभ्या राहायच्या? पण नोलीन तेच गाणं ऐकून डोळे पुसत होती, आणि ह्यांना त्याचं कारण माहीत होतं, ते मला कुणी सांगितलं नाही.

संध्याकाळी श्रियाला घेऊन बसते. रोज दहा शब्द. पोरगी म्हणते, आजी, यू आर अ स्लो लर्नर. असू दे. ती बाई फुटपाथवर मिनिटभर काय बोलली, ते मला तिच्याच तोंडून ऐकायचंय.