द्राक्षकल्याण रसशाळा

कुंडलचे सुभेदार लालासाहेब तरुणपणी दुसऱ्या महायुद्धात लढाईसाठी इटलीत गेले होते. तिथल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात त्यांची तुकडी मुक्कामाला होती. त्या घरातली म्हातारी, सुना, पोरंसोरं मिळून द्राक्षं तुडवायची, रस पिंपांत भरायची आणि वर्षभर जेवणाबरोबर पेला पेला घ्यायची. रविवारी पाद्रीही यायचा. घरात देव होता, दारू होती आणि दोघांचं काही भांडण नव्हतं. सुभेदारांच्या मनात ते घर कायमचं राहिलं.

पेन्शनीत आल्यावर त्यांनी उसाचं रान मोडून द्राक्षबाग लावली आणि चौऱ्याहत्तर साली वाईन करायचा परवाना काढला. परवाना सोपा निघाला, अवघड होतं ते नाव. गावात कुणाला काय सांगायचं? त्यांनी गावाला रस म्हणून सांगितलं, देवळातल्या पंचांना आसव म्हणून आणि बायकोला, राहीबाईंना, औषध म्हणून. बागेच्या कडेला शेड उभी राहिली आणि तिच्यावर पाटी लागली, ‘द्राक्षकल्याण रसशाळा’. भजनी मंडळाचे प्रमुख आकारामअण्णा यांनी नारळ फोडला आणि खोकल्यावर चालेल का, असं हळूच विचारलं. चालेल, असं सुभेदार म्हणाले. तेव्हापासून अण्णांचा खोकला काही बरा झाला नाही.

पहिल्या वर्षी सगळा माल आंबट ढाण झाला. इतकं आंबट म्हणजे औषध जालीम असणार, असं गावाचं मत पडलं. सुभेदारांचा धाकटा भाऊ नाथाजी पिंपं घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन पुन्हा कामाला लागला आणि दुसऱ्या हंगामात वाईन जमली. मुंबईच्या हॉटेलांनी ती मागून घेतली. शेडला शेड जोडली गेली. ट्रक निघायचा तेव्हा बाटल्यांवर ताडपत्री आणि ताडपत्रीवर कडबा असायचा. वाटेत कुणी विचारलं तर ड्रायव्हर वैरण म्हणून सांगायचा.

राहीबाई गुडघ्यांसाठी रोज दोन चमचे घ्यायच्या. गुण येत होता. अठ्ठ्याहत्तरच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला बायका जमल्या, तेव्हा त्यांनी मोठ्या मनानं सगळ्यांना कपातून औषध दिलं. बायकांना ते आवडलं, त्यांनी पुन्हा मागितलं. हसू घराबाहेर ऐकू जाऊ लागलं. आकारामअण्णांची बायको धोंडुबाई नवऱ्यापुढं कधी मान वर करत नसे. ती घरी गेली आणि त्यांच्या भजनाविषयी आपलं खरं मत तिनं शांतपणे सांगून टाकलं. शेजाऱ्यांनाही ते पटलं.

आता अण्णा खवळले. गावच्या बायकांना दारू पाजली, म्हणून त्यांनी ग्रामसभा बोलावली.

सभेला निघण्याआधी राहीबाईंनी नवऱ्याला समोर बसवलं आणि विचारलं, “खरं सांगा, ह्ये काय हाय?”

“वाईन,” सुभेदार म्हणाले.

“म्हंजी?”

“द्राक्षाची दारू.”

“मग मला औषध का सांगितलंत?”

“तू न्हाई म्हणाली असतीस.”

“म्हणाली असती, न्हाईतर व्हय बी म्हणाली असती. तुमी इचारलंच न्हाई.”

त्यानंतर त्या नवऱ्याशी बोलायच्या बंद झाल्या. सभेत मात्र उठून उभ्या राहिल्या. बायकांना आपणच पाजलं, तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हतं, आता आहे, असं त्यांनी सांगितलं. ही दारू आहे. यापुढं खोकल्यासाठी येणाऱ्यानं ती दारू म्हणूनच मागावी. सभेत बराच खोकला झाला. कारखाना बंद करावा, असा ठराव एकमतानं पास झाला. सवयीनं नाथाजीनंही हात वर केला होता. ठरावाचं पुढं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून कारखाना चालू राहिला.

सुभेदारांचं बघून एव्हाना गावानंही द्राक्षं लावली होती; मार्चात त्या तयार मालावर अवकाळी पाऊस पडला. मणी तडकले. दलालांनी ट्रक शेजारच्या पलूसहूनच माघारी नेले. ज्यांनी ज्यांनी हात वर केले होते, त्यांच्या गाड्या द्राक्षं भरून रसशाळेच्या फाटकाशी लागल्या. राहीबाई फाटकात खुर्ची टाकून बसल्या. सगळ्यांचा माल घेऊ, म्हणाल्या, फक्त कशासाठी आणलाय तेवढं तोंडानं सांगायचं.

पहिला गाडीवान औषधासाठी म्हणाला. गाडी बाजूला घ्यायला सांगितली. दुसरा इकडंतिकडं बघून दारूसाठी म्हणाला आणि आत गेला. मग बाकीच्यांनाही ते सोपं वाटू लागलं. शेवटी आकारामअण्णांची गाडी राहिली. अण्णा रसासाठी म्हणाले, मग आसवासाठी, मग लोककल्याणासाठी. ऊन चढत होतं. गाडीच्या फळ्यांतून रस ठिबकत होता, बैलांच्या पायांशी माश्या घोंगावत होत्या. अण्णांना एवढे पर्यायी शब्द येत असतील, हे गावाला ठाऊक नव्हतं.

गाडीत मागं बसलेली धोंडुबाई उभी राहिली. “दारूसाठी, वैनी,” ती म्हणाली. “उघडा फाटक.”

त्या हंगामात जेवढी वाईन झाली तेवढी आधी कधी झाली नव्हती. पिंपं कमी पडली, सांगलीहून नव्या टाक्या आणवल्या. पुढच्या वर्षी नव्या शेडच्या उद्घाटनाला जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांना बोलावणं गेलं. दारूच्या जागी येता येणार नाही, असं प्रत्येकानं कळवलं आणि निरोप आणणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवू नये, असंही सुचवलं. मग फीत धोंडुबाईनं कापली. आकारामअण्णा पहिल्या रांगेत बसून खोकत होते.

पाहुणे पांगल्यावर सुभेदार राहीबाईंजवळ येऊन बसले. वर्षभरात घरात सगळे निरोप नाथाजीच्या तोंडून गेले होते. ते थोडा वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

“वरच्या माळावर आनकी वेली लावाव्यात म्हणतोय,” ते म्हणाले. “तुला काय वाटतं?”

राहीबाईंनी त्यांच्याकडं नीट बघून घेतलं.

“उद्या सांगते,” म्हणाल्या आणि धोंडुबाईला पोचवायला वाटेपर्यंत गेल्या.